दोन तोंडांचा बंब

त्वेरजवळून (रशिया), १९ ऑक्टोबर २०२५

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, अठ्ठावन्नाव्या वर्षी वेल्डिंग कसलं शिकताय, माणूस लावा की." तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. अगं, माणूस लावला होता. त्याने आगाऊ पैसे घेतले, भिंतीवर पेन्सिलीने चार रेघा ओढल्या आणि गेला तो गेलाच. त्या रेघा आई पुसू देत नाही. आल्यागेल्याला दाखवते.

तो गेला ते एका परीनं बरंच झालं. घर तापवायला गरम पाणी फिरवणारे प्लास्टिकचे पाइप आणि पंप तो बसवणार होता. आपल्या गावात बर्फाचं वादळ आलं की वीज जाते. गेल्या जानेवारीत दोन दिवस नव्हती. पंप थांबला आणि बॉयलरमध्ये लाकडं धगधगत असली तर पाणी जागच्या जागी उकळतं, मग काय व्हायचं ते होतं. गॅसची लाइन आपल्या गल्लीत अजून आलेली नाही. तेव्हा लाकडं आणि बिनपंपाची जोडणी, एवढाच मार्ग उरला.

तू आज साताऱ्याला आजीकडे असशील. उद्या नरकचतुर्दशी, पहाटे मागच्या अंगणात बंब पेटेल. तेव्हा त्याच्याकडे नीट बघ. मधे नळकांडं, त्यात करवंट्या नि चिपाडांचा जाळ, भोवती पाणी. आमचा बॉयलर म्हणजे तोच बंब, फक्त तोटीऐवजी त्याला दोन तोंडं. वरच्या तोंडातून गरम पाणी निघतं, घरभर फिरतं, गार होतं आणि खालच्या तोंडातून परत येतं. त्याला ढकलणारं कुणी नाही. ८० अंशांचं एक लिटर पाणी ६० अंशांच्या लिटरपेक्षा जेमतेम ११ ग्रॅमनी हलकं असतं. तेवढ्या फरकावर १८० लिटर पाणी रात्रंदिवस फिरतं. मला तर अजूनही बॉयलरशी जाऊन परतीच्या पाइपाला हात लावून बघावंसं वाटतं, खरंच कोमट येतंय का.

पण जोर इतका तोळामासा म्हटल्यावर लाड फार करावे लागतात. पाइप ५७ मिलिमीटरचा, हातात मावत नाही असा. दर मीटरला ५ मिलिमीटर उतार. खोल्याखोल्यांत ऊब देणाऱ्या रेडिएटरांच्या खाली बॉयलर हवा, म्हणून स्वयंपाकघरामागच्या खोलीत ४० सेंटिमीटरचा खड्डा खणला. उतारावरून घरात रुसवेफुगवे झाले. आईने पाहुण्यांदेखत विचारलं, "हे पाइप वाकडे का बसवलेत?" मी तिला लेव्हलची नळी दाखवली, दोनदा समजावलं. तरी तिने त्या खिडकीचा पडदा लांब शिवला.

आता वेल्डिंग. कागदावर मी मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठाचा इंजिनिअर, पण होल्डर हातात धरला तो या मे महिन्यात. शिकवायला आपले शेजारचे आजोबा, तेच ते, कोल्खोजच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, ट्रॅक्टर डेपोत आयुष्य काढलेले. पहिले आठ दिवस त्यांनी मला पाइपाला हात लावू दिला नाही. भंगारातल्या पत्र्यावर नुसत्या रेघा ओढायला लावल्या. ३ मिलिमीटरचा रॉड, ९० अँपिअर. रॉड चिकटायचा. चिकटला की मी घाबरून ओढायचो, आजोबा हसायचे आणि मनगट एका झटक्यात कसं फिरवायचं ते दाखवायचे. काचेआडून जे लाल वाहताना दिसतं त्यातलं लोखंड कोणतं आणि वर तरंगणारा कीट कोणता, हे कळायलाच महिना गेला. तोवर माझी शिवण वरून भरदार दिसायची. हातोडीने कीट उडवला की खाली पोकळ.

एका संध्याकाळी मास्क खाली यायच्या आत ठिणगी पाडली, तीही पाच-सहा वेळा. रात्री दोन वाजता डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. इथे याला ‘ससुले पकडले’ म्हणतात. आजोबांनी कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायला सांगितल्या. गार लागलं एवढंच, पण त्या वेळी तेवढंही पुष्कळ होतं. दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढला.

सगळ्यात अवघड ते कोपऱ्यातले जोड. पाइप भिंतीपासून चार बोटांवर, मागच्या बाजूला ना रॉड जातो ना नजर. तिथे आजोबांनी जे करून दाखवलं ते मी जन्मात विसरणार नाही. पाइपाच्या समोरच्या बाजूचा एक तुकडा कापून काढला, खिडकीसारखा. त्या खिडकीतून रॉड आत घालून मागची शिवण आतून मारली. मग कापलेला तुकडा परत जागेवर बसवला, चार टाके दिले आणि चहूबाजूंनी वेल्ड केला. पाइप आपल्या पोटातून शिवला! असे दोन जोड त्यांनी केले, तिसरा मला दिला. त्याला मला पूर्ण दुपार लागली.

माळ्यावरची टाकी मात्र सगळी माझी. पाणी तापलं की फुगतं, आपल्या १८० लिटरमध्ये पाच-सात लिटर वाढतं, ते जायला जागा हवी. टाकीच्या शिवणीला बाहेरून खडूचं पाणी फासलं, आतून रॉकेल लावलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर पांढऱ्या खडूवर मुगाएवढा एक डाग. तेवढा घासून पुन्हा मारला.

एकूण ३१ जोड. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी भरलं. कोपऱ्यातला, माझ्या हातचा, कोरडा ठणठणीत. गळला कोण? बैठकीतल्या सोफ्यावरचा, ज्याचा फोटो मी तुला पाठवला होता तो.

तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा जावईबापूंना आधीच सांगून ठेव. त्यांना हौस आहे, मला माहीत आहे. त्यांनी लाकडं खुशाल घालावीत, राख काढावी. पण धुराड्याची झडप त्यांनी लावायची नाही. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचते आहे तोवर झडप लावली तर विषारी वायू घरात कोंडतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बंब अंगणात असतो, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ही भीती ठाऊक नसते. मी दोन खोल्यांत या वायूचे भोंगे लावलेत, तरीही. आणि बॉयलरपासून टाकीकडे जाणाऱ्या उभ्या पाइपावर नळ का नाही, असं त्यांनी विचारलं तर सांग, मुद्दामच नाही. तो कुणी चुकून बंद केला तर घरात बॉम्ब.

तुझ्या खोलीत सात खणांचा बिडाचा रेडिएटर आहे. पन्नास किलोचा, मी आणि आजोबांनी उचलून आणला. आईने त्यावर आत्ताच मोजे वाळत घातलेत. बाबुष्काने, तुझ्या इथल्या आजीने, विटांची चूल काढू दिली नाही. ती रोज सकाळी ती पेटवते आणि तिलाच पाठ लावून बसते. मांजर तेवढं फितूर झालंय, रेडिएटरपाशी झोपतं. गेले दहा दिवस बाबुष्का त्याच्याशी बोलत नाही.

आजीला साष्टांग नमस्कार सांग.

तुझे
बाबा

ता. क. येताना गुलाबपाण्याच्या दोन बाटल्या आण. आता न्हाणीघराची जोडणी काढली आहे, आणि घरातले बटाटे आई मोजून देते.