एका कानाला हेडफोन

चि. माऊ हीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन कट केलास त्याला आज तिसरा दिवस. परवा पहाटे तू निघशील, मग तीन महिने दिसणार नाहीस, आणि जाण्याआधीचं आपलं शेवटचं बोलणं म्हणजे ते भांडण, हे काही मला बरं वाटेना. म्हणून लिहायला बसले. कानाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. जे बोलायचं ते फोनवर बोलले, जरा जास्तच बोलले.

फक्त तुझ्या ऐकण्याच्या तपासणीचा तो रिपोर्ट माझ्या हाती कसा आला तेवढं सांगते, कारण दादानं चुगली केली असं तुझ्या डोक्यात आहे. तो आंघोळीला गेला होता. मी त्याच्या फोनवर बाळाचे फोटो बघत होते, वरून तुझं नाव आलं, मी बोट लावलं. एक लाल रेघ, उजवीकडची, एक निळी, डावीकडची. दोन्ही नीट सरळ चाललेल्या, आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या बारीक सुरांपाशी, निळी एकदम खड्ड्यात उतरलेली, पुढे पुन्हा वर आलेली. "आई, तुला त्यातलं काही कळत नाही," असं म्हणालीस. माऊ, मला तो खड्डा ओळखता येतो. कसा, ते पुढे लिहीन. जमलं तर.

तुझ्या डीजेच्या कामातलं मला कळत नाही हे निम्मंच खरं. त्या एका किकसाठी, गाण्यातल्या ढोलाच्या थापेसाठी, तू अकरा रात्री जागलीस तेव्हा मी दाराशी स्टूल टाकून बसायची, आठवतं? तो मोडक्या पायाचा, बापूंचा. एका नमुन्यातून खालचा घुमारा घ्यायचा, दुसऱ्यातून वरची टकटक, आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकू नयेत म्हणून केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसायचं. मग गाण्याची पट्टी बघून त्या थापेचाही सूर लावायचा. थापेला सूर असतो हे मला तुझ्यामुळे कळलं. आणि ते साइडचेन. किक आली की खालच्या सुरातल्या त्या बेसनं क्षणभर मान खाली घालायची, ती गेली की लगेच वर काढायची. मी म्हटलं, म्हणजे आत्या बोलायला लागली की बाबा करतात तसं, तर तू खुर्चीवरून पडायची राहिलीस. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात

बघ, आला शब्द. सोडून देऊ.

तो ट्रॅक बाहेर आला तेव्हा तुझ्या नावावरून मुलगा की मुलगी कळत नव्हतं, म्हणून मेलमध्ये सगळे तुला "ब्रदर" म्हणत होते. मग फोटो लागला आणि त्यातल्याच एकानं विचारलं, "हे तुला कुणी करून दिलं?" तू हसून सांगितलंस, पण त्या रात्री जेवली नाहीस. तेव्हाच तू मला त्या बेल्जियमच्या डीजे शार्लोट द विटेबद्दल सांगितलंस. मुलगी म्हणून आधीच शिक्का बसू नये म्हणून तिनं सुरुवातीला रेव्हिंग जॉर्ज असं पुरुषी नाव घेतलं होतं, आणि पुढे ते टाकून स्वतःच्या नावानं उभी राहिली. आणि ती डेलिया डर्बीशायर. गणित आणि संगीत शिकलेली बाई. एका रेकॉर्ड कंपनीनं तिला सांगितलं की आम्ही रेकॉर्डिंगच्या कामाला बायका घेत नाही. मग १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे नवे आवाज घडवणाऱ्या विभागात, 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत तिनं घडवलं. रचना रॉन ग्रेनरची, पण हात हिचे. सिंथेसायझर नाही, काही नाही. एकेक स्वर टेपवर घ्यायचा, ब्लेडनं कापायचा, चिकटवायचा. पडद्यावर तिचं नाव लागलं ते २०१३ मध्ये, आणि ती तर २००१ मध्येच गेलेली.

तू हे सांगत होतीस तेव्हा मी मुकाट ऐकत होते, कारण "हे बायकांचं काम नव्हे" असं तुला पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते मीच. तू सतरा वर्षांची होतीस. माफ कर असं मी तेव्हा म्हटलं नाही. आज म्हणते.

आता तो फोटो. तू पाठवलेला, लाल दिव्यांचा. मान डावीकडे झुकलेली, हेडफोन डाव्या कानाला, खांद्यानं दाबलेला, उजवा कान उघडा, दोन्ही हात मिक्सरवर. सगळ्यांनी वा वा केली. मी काहीच लिहिलं नाही म्हणून तू रुसलीस. मी तो फोटो किती वेळ बघत होते ते तुला माहीत नाही. मी तशीच बसायची, माऊ, टेलिफोनच्या बोर्डवर. २४ वर्षं.

बोर्डवर दिवा लागला की मागची कॉर्ड घालायची, नंबर विचारायचा, मग पुढच्या कॉर्डचं टोक हव्या त्या भोकाच्या कडेला नुसतं टेकवायचं. लाइन गुंतलेली असेल तर कानात टक् असा आवाज. नसेल तर शांत. मग प्लग आत. पुढची लाइन मोकळी आहे का हे एका कानात आधी ऐकायचं आणि कुणाला कळू न देता जोडून द्यायचं. तुझं क्यू करणं याहून वेगळं आहे का? एका कानात पुढचा ट्रॅक, दुसऱ्या कानात चाललेला, आणि जोड दिसता कामा नये. तुझ्या हेडफोनचा तो जाड प्लग पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी चमकले होते. पाव इंची, टोकाला तसाच गोंडा. टेलिफोनच्या बोर्डासाठीच तो एकोणिसाव्या शतकात निघाला, तिथून तुमच्याकडे आला. म्हणजे तू माझ्याच खात्यात लागलीस, असं मी बाबांना म्हटलंही होतं.

त्या टक् आवाजानं काही होत नसे. पण पावसाळ्यात वीज पडली की लाइनवरून असा तडाखा यायचा की कानात कुणी खिळा ठोकावा. एकदा मी हेडसेट फेकून उठले. आमच्या वरच्या बाई म्हणाल्या, पाणी पी आणि बोर्डवर बस. बसले. त्या रात्री उशीवर डोकं टेकलं आणि लांब कुठेतरी शिट्टी वाजत होती. बाबांना म्हटलं, बघा हो, कोण शिट्टी वाजवतंय. ती अजून थांबलेली नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दादालासुद्धा नाही. फोन मी नेहमी उजव्या कानाला का लावते, टीव्हीच्या उजवीकडची खुर्ची मला का लागते, सातच्या जागी आठ ऐकून मी घोळ का घालते, याला तुम्ही सगळे माझा धांदरटपणा म्हणता. स, श, फ ही अक्षरं आधी जातात. निवृत्तीच्या वेळी तपासणी झाली तेव्हा माझ्याही कागदावर तोच खड्डा होता, तिथेच, फक्त तुझ्यापेक्षा खोल. तो कागद मी घडी घालून साड्यांच्या तळाशी ठेवला. आणि तू तुझा रिपोर्ट लपवलास म्हणून मी तुझ्यावर ओरडले. काय म्हणावं मला.

तर आता लिहितेच. ठरवलेलं मोडलंच आहे.

हिशेब साधा आहे, आणि तुला लयीचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला येतो. ८५ डेसिबलच्या आवाजात कान दिवसाला ८ तास सुरक्षित. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा, १०० ला १५ मिनिटं. तुझा एक सेट दीड तासाचा. आठवड्याला चार. तू म्हणशील, जागतिक आरोग्य संघटनेनंच २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० ची मर्यादा सांगितली आहे. हो, पण त्याच कागदात कानात घालायचे प्लग ठेवा, कानांना विसावा द्यायला शांत जागा ठेवा, हेही आहे. आणि ती मर्यादा एका संध्याकाळी नाचून घरी जाणाऱ्यासाठी आहे, चार रात्री तिथेच उभी राहणाऱ्या पोरीसाठी नव्हे.

बूथमधला मॉनिटर, तो जवळचा स्पीकर, का लागतो हे तूच मला शिकवलंस. मोठे स्पीकर ३० मीटरवर असले तर आवाज तुझ्यापर्यंत यायला जवळजवळ ९० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा पाचवा हिस्सा मागे. त्यावर मिक्स केलं तर सगळं घसरणार. म्हणून जवळचा मॉनिटर. मग त्याच्यावर मात करायला हेडफोन आणखी मोठा. मग कान थकले की मॉनिटर आणखी मोठा. ही चढाओढ थांबवायला कुणीतरी एकानं खाली यायला हवं ना? आतल्या केसांसारख्या पेशी एका कानात जेमतेम पंधरा हजारांच्या घरात, आणि माणसात मेलेली एकही परत उगवत नाही. गोंधळ ऐकून रात्री शिट्टी वाजली आणि सकाळी थांबली, की तू समजतेस सुटले. तसं

फार झालं. व्याख्यान द्यायला नव्हते बसले. तू चिडली असशील आत्तापर्यंत, कागद चुरगळू नकोस, थोडंच उरलंय.

तू म्हणालीस ना, "कान गेले तर माझ्याकडे राहील काय?" ते वाक्य तुझ्या तोंडातून चटकन गेलं आणि मी घाबरून ओरडले. मी घाबरले की ओरडते, तुझ्या आजीचं आहे ते. नंतर दादानं मला त्या टोकीमॉन्स्टाबद्दल सांगितलं, तुझ्यासारखंच संगीत करणारी. २०१६ मध्ये तिच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही काळ तिला बोलणं समजेना, संगीत म्हणजे नुसता गोंगाट वाटे. मग हळूहळू परत आलं, आणि पुढच्या वर्षी तिनं जो अल्बम काढला त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. दादानं मला धीर द्यायला सांगितलं. मला त्यातलं फक्त गोंगाट एवढंच ऐकू आलं.

काम सोड असं मी म्हणत नाही. फोनवर म्हटलं, ते मागे घेते. नाचणाऱ्या दोन हजार लोकांना तू एका बोटानं थांबवतेस आणि पुन्हा सोडतेस, ते मी मागे उभं राहून पाहिलंय. मला वरची ती हाय-हॅट की काय ती झांज ऐकूच येत नव्हती, आत्या सांगत होती म्हणून कळलं. किक मात्र पायातून येत होती. तुझ्या अकरा रात्री माझ्या तळपायाला कळल्या. इतकं मी माझ्या कुठल्याही कामाबद्दल मिरवले नाही, जितकं त्या रात्री शेजारच्या अनोळखी मुलीला सांगत सुटले की ती माझी मुलगी.

संगीतकारांचे प्लग येतात, कानाचा साचा घेऊन केलेले, आत फिल्टर असतो. ९, १५, २५ डेसिबल असे. फोमच्या बोळ्यासारखे वरचे सूर मारत नाहीत, सगळं सारखंच खाली आणतात. १५ वाले घाल. १०० चे ८५ होतात. १५ मिनिटांचे ८ तास. साचा तू त्या तपासणीत दिलाच आहेस, दादानं पैसे भरलेत, उद्या संध्याकाळी ते मिळतील. तो विमानतळावर घेऊन येईल. त्याच्यावर डाफरू नकोस, त्याला मी पाठवलंय.

बाकी, रीमिक्सच्या पैशांचे वाटे ट्रॅक बाहेर जायच्या आधी लिहून घे, तोंडी नको. पेनड्राइव्ह दोन ठेव. पहाटे एकटी गाडीत बसू नकोस. बाबा तुझ्या बॅगेचं वजन तिसऱ्यांदा करताहेत, म्हणजे त्यांनाही काळजी आहे, पण ते तराजूशी बोलतात.

पोचलीस की फोन कर. मी उजव्याच कानाला लावेन.

तुझी,
आई

ता. क. — पाव इंची प्लगावर बसवायचा तुझा छोटा अडॉप्टर टेबलाखाली सापडला. कापसात गुंडाळून दादाच्या खिशात दिला आहे.