शनिवारच्या मुंबईसाठी

मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं, सोबतची यादीही वाचली. सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, घारापुरी, गेटवे, म्युझियम, चौपाटी आणि जमलं तर जुहू! एवढं सगळं एका दिवसात उरकणारे लोक आहेत, पण त्यांनी मुंबई टॅक्सीच्या काचेतून बघितलेली असते. बरोबर वहिनी आहेत, काकू आहेत, छोटी आहे. म्हणून यादीतली अर्ध्याहून अधिक नावं आत्ताच खोडून टाक.

आधी घारापुरी. गेटवेवरून बोटीने जायला तास, यायला तास, वर शे-सव्वाशे पायऱ्या. काकूंच्या गुडघ्यांचं काय करणार? त्रिमूर्ती जवळजवळ वीस फुटी आहे, तिच्यासमोर घाईत उभं राहण्यात काहीच अर्थ नाही. तिच्यासाठी पुढे कधीतरी वेगळा दिवस काढ, फक्त सोमवार नको, लेणी बंद असतात. राणीची बाग भायखळ्याला, सिद्धिविनायक प्रभादेवीला, जुहू पार उपनगरात; ही तीन टोकं जोडताना निम्मा दिवस सिग्नलला जातो. हाजी अलीची वाट तर भरतीला पाण्याखाली जाते, म्हणजे भरती-ओहोटीचं गणित वेगळंच.

उरतो तो सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि चर्चगेटपासून गेटवेपर्यंतचा टापू. सगळं मिळून चार-पाच किलोमीटर, तेही सपाट रस्त्याने आणि दिवसभरात विभागून. या टापूत काय बघायचं हे कुणीही सांगेल. कधी बघायचं हे महत्त्वाचं. गर्दी कुठल्या दिशेने वाहते आणि ऊन कुठल्या बाजूने पडतं, या दोन गोष्टी धरून दिवस आखलास तर दमायला होत नाही.

गर्दी सकाळी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परत जाते. तुम्ही ठाण्याहून निघणार, म्हणजे गर्दीच्याच दिशेने. म्हणून वार शनिवार धर, त्यातही दुसरा किंवा चौथा. त्या दिवशी बँका बंद, सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे लोकलला आणि फोर्टातल्या फुटपाथवर जरा श्वास घ्यायला जागा असते. रविवारी फोर्ट आणखी रिकामा असतो हे खरं, पण गेटवेवर जत्रा भरते.

सकाळी पावणेआठच्या सुमारास स्टेशनवर पोच. कल्याण-कर्जतकडून येणारी फास्ट लोकल सोडून दे. ती वीसेक मिनिटं वाचवते, पण ठाण्याला येते ती भरलेली; चढायलाच जमलं नाही की वाचलेली मिनिटं तिथेच गेली. ठाण्यातच सुटणारी स्लो लोकल बघ. गाडी रिकामी लागते आणि चौघांना एकत्र बसायला मिळतं. तासाभरात सीएसएमटी. छोटीला सांग, १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आत्ताच्या सीएसएमटीपासून, याच मार्गाने ठाण्याला आली होती, तुम्ही उलट दिशेने चाललात. तिकीट रिटर्नच काढ, म्हणजे रात्री खिडकीपुढे उभं राहायला नको. सामानात एकच छोटी पिशवी: पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, काकूंची औषधं. मोठी सॅक म्युझियमच्या काउंटरवर ठेवावी लागते आणि नंतर ती घ्यायला रांग.

सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर फोटोसाठी धावू नकोस. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीशी असतो आणि फोटोत नुसती काळी आकृती येते. त्या वेळेला आतला तिकीटघराचा भाग बघ: खांब, कमानी, दगडात कोरलेली पानं आणि प्राणी. कोरीवकामात मुंबईच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. शेजारून रोज जाणाऱ्यांनाही ते दिसत नाहीत; छोटीला शोधायला लाव. बाहेरचं रूप रात्रीसाठी राखून ठेव.

रस्ता वरून ओलांडायचा नाही, सबवेने जायचं. खाली तोंडं बरीच आहेत आणि सगळी सारखीच वाटतात. वर चढण्याआधी पाटी वाच, नाहीतर काकूंना पायऱ्या दोनदा पडतील. दादाभाई नौरोजी मार्गाला लागलात की इमारतींच्या तळाशी असलेल्या कमानींखालून चाला. सबंध रस्ता जवळजवळ सावलीतून होतो. किलोमीटरभरात हुतात्मा चौक. इथे पाच मिनिटं थांबाच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आणि त्याच्या शेजारी १८६४चं फ्लोरा फाउंटन, दोन्ही एकाच नजरेत येतात. तिथून डावीकडे वळून हॉर्निमन सर्कल गाठा. गोल बागेच्या भोवती त्याच गोलाईत बांधलेल्या इमारती, आणि समोर एशियाटिक सोसायटीचा १८३३चा टाउन हॉल, पांढऱ्या खांबांचा. पायऱ्या तीस आहेत. काकूंनी खालूनच बघितलं तरी चालेल.

तिथून काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते आणि प्रवेश फुकट असतो. अर्धा-पाऊण तास पुरे. चित्रं आवडोत न आवडोत, पंख्याखाली बसायला मिळतं.

जेवण सव्वाबाराला उरकून घे. एक वाजला की बसायला जागा मिळत नाही. फोर्टातली जेवणघरं कचेऱ्यांच्या जिवावर चालतात, म्हणून शनिवारी काही बंदही असतात. एकाच ठिकाणावर मन बसवून जाऊ नकोस. साधी थाळी किंवा इराण्याकडचा बनमस्का-चहा. पोटभर बिर्याणी चापून म्युझियममध्ये गेलास तर पहिल्याच बाकावर डोळा लागेल.

एक ते साडेतीन म्युझियम. ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा छपराखाली राहायचं, एवढाच हिशेब. नाव आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण टॅक्सीवाल्याला नुसतं ‘म्युझियम’ सांगितलं तरी कळतं. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नकोस. तळमजल्यावर मूर्ती, त्यात सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातलं मातीचं काम नीट बघ. वरच्या मजल्यावर लघुचित्रं. छोटीसाठी पक्षी-प्राण्यांचं दालन. बस्स. निघण्याआधी सगळ्यांनी तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्यायचं. पुढे गेटवेपाशी आणि मैदानाकडे तशी सोय पटकन सापडत नाही.

चारच्या सुमारास गेटवे. सकाळी का नाही? कारण तो पूर्वेच्या पाण्यावर उभा आहे. शहराच्या बाजूने बघताना सकाळी ऊन आपल्या डोळ्यांत येतं. दुपार कलली की तेच ऊन कमानीच्या पिवळसर बेसॉल्टवर पडतं आणि दगड उजळतो. काम पूर्ण झालं १९२४ला, स्थापत्यकार जॉर्ज विटेट. मघाचं म्युझियमही त्याचंच. तिथला घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, इथली कमान गुजरातच्या वळणाची. दोन्ही एकाच दिवशी बघितलं की त्याचं डोकं कसं चालायचं ते कळतं. आत जाताना तपासणीची रांग असते. तत्काळ फोटो देणारे मागे लागतील, त्यांना एकदाच स्पष्ट नाही म्हण.

इथून ओव्हल मैदानापर्यंत टॅक्सी कर. रिक्षा शोधू नकोस, शीव आणि वांद्र्याच्या अलीकडे रिक्षाला परवानगीच नाही. जवळचं भाडं म्हटलं की काही टॅक्सीवाले मान हलवतात. धावती टॅक्सी थांबव आणि बसल्यावर मीटर टाकायला सांग.

ओव्हल बहुतेक लोक चुकवतात. माझ्या मते तुमच्या दिवसातली सगळ्यात सुंदर जागा तीच. मैदान आरपार ओलांडणारी एक पायवाट आहे, तिच्या मधोमध पाचच्या सुमारास उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार कमानींचं. त्या रांगेचं तोंड पश्चिमेला, म्हणून त्या वेळी सगळं ऊन तिच्यावर असतं. आता पाठ फिरवा: पश्चिमेला १९३०च्या आसपासची आर्ट डेकोची रांग, गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, दारावर ठसठशीत अक्षरांत इमारतीचं नाव. मध्ये पोरांचं क्रिकेट, एकाच वेळी इतक्या मॅची चाललेल्या असतात की कुणाचा चेंडू कुणाकडे जातो कळत नाही. छोटीचा हात धरून चाला. हा सगळा समूह २०१८ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. राजाबाई टॉवर १८७८चा. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव लावलं.

मैदानापासून मरीन ड्राइव्ह दहा-बारा मिनिटांवर. सूर्यास्त डिसेंबरात साधारण सहाला, फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढे. त्याआधी वीस मिनिटं कट्टा पकड. रस्ता सिग्नललाच ओलांडायचा, गाड्या भरधाव असतात. कट्ट्यापलीकडच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, छोटीला उतरू देऊ नकोस, त्यावर शेवाळ असतं.

सूर्य बुडाला की लगेच उठायचं नाही. सहा ते साडेआठ लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, शनिवारीही. तोवर दिवे लागतात, वारा सुटतो, भेळ आहे, शेंगदाणे आहेत. काकू थकल्या नसतील तर टॅक्सीने गिरगाव चौपाटीवर जाऊन या. थकल्या असतील तर तिथेच बसा.

साडेआठनंतर चर्चगेटहून भुयारी मेट्रोने सीएसएमटी, दोनच स्टेशनं. सीएसएमटीला वर आलात की रोषणाई लागलेली असेल. पालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून घुमटासकट सगळी इमारत एका फोटोत मावते. मग पुन्हा ठाण्याचीच स्लो लोकल, इथूनच सुटणारी, म्हणजे बसायला जागा. वहिनींना आणि काकूंना लेडीज डब्यात जायचं असेल तर ठाण्याला कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, गर्दीत फोन ऐकू येत नाही.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा मित्र

ता. क. शनिवार हुकला आणि रविवारच करावा लागला, तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) कुठे आहे ते बघून ठेव. बहुधा सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत असतो आणि गाड्या वळवतात किंवा रद्द करतात. म्हणून रविवारी साडेनऊच्या आत सीएसएमटीला पोचलेलं बरं.