बाबांना न विचारता वाच

हॅम्बुर्ग, १६ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मधे बाबा बोलतात. म्हणून हे पत्र.

सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये आणि वर म्हणतेस, ‘घरात वाचायला काही नाही.’ अगं, तुझ्या उशाशी कपाट भरून पुस्तकं आहेत! किल्ली बाबांकडे असते एवढंच, आणि मागितली की ते ‘कोसला’ काढून देतात. मला दहावीच्या सुट्टीत तीच दिली, वहिनीला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तीच. कादंबरी भारीच आहे, पण पाय ठणकत असताना पांडुरंग सांगवीकरचा वैताग कशाला? त्यांना म्हणावं, प्लॅस्टर निघाल्यावर बघू.

भाजी निवडताना तू शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचतेस, तेव्हा तुला काय रुचेल ते मी सांगते.

वरून दुसरा कप्पा, डावीकडून तिसरं: ‘स्मृतिचित्रे’. यापासूनच सुरुवात कर. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि लिहितात कशा, तर ओट्यावर बसून आपल्याशी गप्पा मारल्यासारख्या. सोवळ्याओवळ्याने सगळ्या घराला वेठीला धरणारे वडील, आणि नवरा कवी. तो कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. पुढे १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि या मागे राहिल्या, वेगळ्या, पाच वर्षं. मग पाण्याचा, जेवणाचा, शिवाशिवीचा एकेक आडपडदा त्यांनी स्वतःच कसा काढला, ते वाच. रडायला येतं त्याच पानावर हसूही येतं. आजीच्या सोवळ्यात तू तीस वर्षं स्वयंपाक केलायस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

ते जाड वाटलं तर ‘बनगरवाडी’ घे. दोन दुपारींत संपते. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे नवीन आलेला पोरसवदा मास्तर, आणि दुष्काळ. माडगूळकर एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत. आपल्या प्रतीत सांगली-आटपाडी एसटीचं तिकीट आहे, खूण म्हणून. ते काढू नकोस, माझं आहे.

‘माझा प्रवास’ मात्र बाबांनाच मोठ्याने वाचायला सांग. जुनी भाषा त्यांच्या तोंडी शोभते आणि तेवढ्या वेळात ते दुसरं काही सुचवणार नाहीत. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. लढाईचं वर्णन इतरांनीही केलंय. पण भूक, लपायची जागा आणि काखोटीला मारलेलं किडूकमिडूक यांची काळजी करत इतिहास बघणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

‘ऋतुचक्र’ सलग वाचू नकोस. दुर्गाबाईंनी महिन्यागणिक लेख लिहिलाय, तर तू चालू महिन्याचाच वाच आणि खिडकीतून आपल्या शेवग्याकडे बघ. जी.ए. रात्री नको. ‘काजळमाया’ मी इथे पहिल्या हिवाळ्यात वाचली, बाहेर चार वाजताच अंधार, आणि आठवडाभर कोणाशी बोलावंसं वाटेना. ओमला शाळेतून आल्यावर ‘फास्टर फेणे’ वाचून दाखव. ‘ट्टॉक’ तुला जमणार नाही, ते त्याला करू दे.

आता एक माझ्यासाठी वाच. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ सालचं, छोटंसं. युरोपातून निघालेल्या बोटीवर आपला चक्रधर, आणि हिटलरच्या जर्मनीतून हाकललेली हॅर्टा. कॉलेजात ती मला नुसती प्रेमकथा वाटली होती. इथे फुटपाथमध्ये पितळेचे छोटे चौकोन बसवलेत, हाताच्या पंजाएवढे. हिटलरच्या काळात त्या घरातून कोणाला नेलं, त्याचं नाव, जन्मसाल आणि कुठे नेलं ते त्यावर कोरलेलं. आमच्या दाराशी दोन आहेत. पावसाळी दिवसांत काळे पडतात, मग समोरची म्हातारी गुडघ्याखाली उशी घेऊन ते घासते, तू समई घासतेस तसे. त्यानंतर मी ‘रणांगण’ पुन्हा काढलं. कसं वाटतं ते मला लिही, फोनवर नको.

सगळ्यात खालच्या कप्प्यात हात घालू नकोस. २०१९ च्या पुरात भिजलेली आहेत ती, पानं चिकटलीत. बाबा टाकू देत नाहीत. त्यातली ‘रुचिरा’ तेवढी मी इकडे आणलीय, फुगलेली, हळदीच्या बोटांसकट. वाटी-चमच्याचं माप असल्याने इथेही चालतं, फक्त माझी वाटी तुझ्या वाटीपेक्षा मोठी निघाली. दोनदा आमटी अळणी झाली तेव्हा लक्षात आलं.

आणि हो, लहानपणी मामाबरोबर लपूनछपून वाचलेले अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार नि काळापहाड तू मला कितीदा सांगितलेस! बाबांच्या कपाटात ते मिळायचे नाहीत. मामाला सांग, रद्दीवाल्याकडून चार आणून दे म्हणावं. उशीखाली ठेव.

बर्फ अजून पडलेला नाही. पाय उंचावर ठेवतेस ना?

तुझी,
मनू

ता.क. किल्ली बाबांच्या चष्म्याच्या घरात असते.