सेराफीनची झाडे

माननीय संपादक,

स्वयंशिक्षित फ्रेंच चित्रकार म्हटले की जकात नाक्यावरचा आंरी रुसो हमखास आठवतो. सेराफीन लुई मात्र क्वचितच, आणि हे मला खटकते. १८६४ मध्ये जन्मलेली ही बाई सांलिस गावात लोकांची धुणीभांडी करून पोट भरी आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात चित्रे काढी. १९१२ मध्ये जर्मन कलासंग्राहक विल्हेल्म ऊडे यांना शेजाऱ्यांकडे सफरचंदांचे एक चित्र दिसले, आणि ते आपल्याच घरी कामाला येणाऱ्या बाईचे आहे हे ऐकून ते थक्क झाले.

तिची पुढच्या काळातील, जवळपास दोन मीटर उंचीच्या कॅनव्हासवरची झाडे पाहावीत: पान म्हणावे तर पीस, त्यावर डोळ्यासारखे ठिपके, आणि सारे झाड जणू आतून पेटलेले, रंग मात्र दारे-खिडक्यांना लावायचा रिपोलिन. स्वयंशिक्षितांच्या अशा चित्रांना कलाजगत ‘भोळी’ (नाईव्ह) म्हणते, ते मला पटत नाही. पानांची आणि ठिपक्यांची ही पुनरावृत्ती फार विचारपूर्वक केलेली आहे. मंदीत ऊडे यांनी खरेदी थांबवली, १९३२ मध्ये तिची रवानगी मनोरुग्णालयात झाली, चित्रे काढणे सुटले. १९४२ मध्ये, जर्मन अमलाखालील उपासमारीत, ती वारली. आपल्या कलाविषयक पानावर तिचे एखादे झाड रंगीत छापावे, ही विनंती.

– एक वाचक