कारखाना येणार म्हणे!

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नगरपालिकेच्या समितीवर तुझी वर्णी लागली याचा आनंद झाला, आणि पहिल्याच बैठकीत कारखान्याचा प्रस्ताव पुढ्यात आला हे वाचून हसूही आलं. दहा वर्षं मालमत्ता कर माफ, जागा फुकट, रस्ता-पाणी नगरपालिकेनं पुरवायचं. बदल्यात हजार नोकऱ्या. वर ‘शेजारचं शहर याहून जास्त देतंय’ ही पुडी सोडलेली आहेच. मत कुणीकडे टाकू, असं विचारतोस.

आधी ती पुडी बघू. कारखाना कुठं टाकायचा हे ठरतं ते कुशल कामगार, वीज, पाणी, वाहतूक, सुटे भाग पुरवणारे यांवर. स्थानिक कर हा एकूण खर्चातला लहानसा वाटा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी आधीचे बरेच अभ्यास तपासून २०१८ मध्ये अंदाज मांडला, की सवलतीमुळेच निर्णय फिरला अशी प्रकरणं शंभरात २ ते २५. बाकीचे तसेही येणारच होते. गोची अशी, की समोर बसलेला साहेब कुठल्या गटातला हे त्याला ठाऊक असतं, तुला नसतं. आणि तो ते सांगणार थोडाच!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची गोष्ट मात्र नीट वाच. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं तिथं १० अब्ज डॉलर गुंतवून १३,००० नोकऱ्या देऊ असं जाहीर केलं, तेही थेट व्हाइट हाउसमधून. राज्यानं जवळपास ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. २०२१ मध्ये नवा करार झाला तेव्हा आकडा उरला १,४५४ नोकऱ्यांचा, आणि सवलत जास्तीत जास्त ८ कोटी डॉलरची. ऐकणारा म्हणतो, सरकार फसलं. पण राज्याच्या सवलतीचा मोठा भाग ‘आधी नोकऱ्या, मग परतावा’ या अटीवर होता. २०१८ मध्ये किमान नोकऱ्या भरल्या नाहीत, तर त्या वर्षीचा परतावा मिळालाच नाही. तिजोरीला कडी होती.

अडकलं ते माउंट प्लेझंट नावाचं छोटं गाव. जमीन घेणं, तिथल्या लोकांची घरं विकत घेऊन त्यांना उठवणं, जलवाहिन्या टाकणं, हे सगळं कंपनीच्या शब्दावर, कर्ज काढून, आधीच करून बसलं होतं. उठलेली माणसं करार बदलला म्हणून परत येत नाहीत. गावानं एक शहाणपण केलं होतं: कारखाना उभा राहो न राहो, ठरावीक मूल्यावर कर भरण्याची हमी कंपनीकडून लिहून घेतली होती. पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यातली जमीन घेतली, हा नशिबाचा भाग झाला. तू नशीब धरून मत देऊ नकोस.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मला कारखान्यांचाच राग आहे असं म्हणशील. १९९३ मध्ये अलाबामा या अमेरिकी राज्यानं मर्सिडीजला २५ कोटी डॉलरच्या वर दिले, १,५०० नोकऱ्यांसाठी. माणशी दीड लाख डॉलरच्या पुढे! खूप टीका झाली. पण कारखाना टिकला, वाढला, आणि पुढे होंडा, ह्युंदाईही त्याच राज्यात आल्या. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियात फोक्सवॅगनचा कारखाना १९७८ ला सुरू झाला, १९८८ ला बंद. दहा वर्षं करमाफी देणाऱ्यानं ही दहा वर्षं लक्षात ठेवावीत.

आणि शेजारच्या शहराचं म्हणशील, तर त्यांना सरळ फोन कर. अमेरिकेतली कॅन्सस आणि मिसुरी ही राज्यं हद्दीवरच्या एकाच शहराच्या, कॅन्सस सिटीच्या, दोन बाजूंनी कंपन्या पळवापळवी करत होती. हद्दीपलीकडे कार्यालय हललं की नोकऱ्या ‘नव्या’ धरायच्या. २०१९ मध्ये दोघांनी हा खेळ आवरता घेतला.

मला विचारशील तर जमीन कंपनीच्या नावावर लगेच करू नका, भाडेपट्ट्यानं द्या. करमाफी दरवर्षी, हजेरीपटावरची माणसं मोजून. कंत्राटी कामगार त्यात धरायचे की नाही हे शब्दात लिहा, भांडण तिथंच होतं. कारखाना गेला तर दिलेलं परत करायची अट, आणि तिला बँक हमी. हात सैल सोडायचाच असेल तर कामगारांच्या प्रशिक्षणावर सोडा. बार्टिकही म्हणतात, की त्यात पैशाला नोकऱ्या जास्त पडतात. शिवाय कारखाना उठला तरी शिकलेला माणूस गावातच राहतो. शाळांना जाणाऱ्या कराच्या हिश्श्याला मात्र हात लावू देऊ नकोस, मग कुणी कितीही डोळे वटारले तरी.

ठरावाचा मसुदा आला की पाठव. परिशिष्टांसकट पाठव, खरी मेख तिथंच मारलेली असते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच