लेसीच्या सोलो अल्बमबद्दल पण लिहा की

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत रॉकवर लेख येतात तेव्हा तेच ते जुने चार बँड असतात, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. फ्लायलीफ हा टेक्सासचा ख्रिश्चन बँड, 2005 चा त्यांचा पहिला अल्बम आम्ही हॉस्टेलवर एकच इअरफोन दोघांत वाटून ऐकायचो, आणि त्यातली गायिका लेसी स्टर्म 2012 मध्ये बँड सोडून गेली तेव्हा खरंच वाईट वाटलेलं. नुकतीच आई झाली होती ती.

मग फेब्रुवारी 2016 मध्ये तिचा पहिला सोलो अल्बम आला, 'लाइफ स्क्रीम्स', गिटारवर नवरा जोश. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या हार्ड रॉक अल्बमच्या यादीत तो थेट पहिला आला, सोलो बाईचा अल्बम तिथे पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. पण मला आकड्यापेक्षा तिचा आवाज महत्त्वाचा वाटतो, आत्ता अगदी कानाशी हळू गात असते आणि पुढच्याच ओळीला घसा फाडून ओरडते, अंगावर काटा येतो. सोळाव्या वर्षी जीव द्यायला निघालेली, देव न मानणारी ही मुलगी, आजीच्या हट्टाने त्या दिवशी चर्चमध्ये गेली आणि वाचली, हे तिने स्वतःच सांगितलंय, त्यामुळे तिचं ओरडणं मला कधीच नाटकी वाटलं नाही. मी काही ख्रिश्चन नाही, तरी पोचतं ते.

तर प्लीज तिच्यावर एक नीट, मोठा लेख छापा.

– आपला नेहमीचा वाचक, नाशिक