तक्रार: शोरूमने बसवलेल्या सीट कव्हरखाली झाकले गेलेले सीट बेल्ट आणि चुकीची बसवलेली बाळाची सीट

दिनांक: १२ मे २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख,
कंपनीचे मुख्य कार्यालय

महोदय,

मी अमळनेर (जि. जळगाव) येथे राहते व जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यंदाच्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च रोजी, आम्ही आपल्या कंपनीच्या जळगाव येथील अधिकृत विक्रेत्याकडून गाडी घेतली. त्याच वेळी त्याच शोरूममधून रेक्झिनची सीट कव्हर आणि आमच्या आठ महिन्यांच्या मुलीसाठी बाळाची सीटही घेतली. दोन्ही वस्तू तिथल्याच फिटरने बसवून दिल्या आणि दोन्हींचे बिल आपल्या विक्रेत्याच्या नावाचे आहे. गाडीच्या इंजिनाबद्दल, मायलेजबद्दल किंवा रंगाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आपण गाडीत दिलेली सुरक्षेची साधने आपल्याच विक्रेत्याने पैसे घेऊन झाकून टाकली, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

२८ एप्रिलला आम्ही आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) माझ्या माहेरी, सावद्याला निघालो. गाडी माझे पती चालवत होते. मागे डाव्या बाजूला बाळाची सीट, मध्ये मी आणि उजवीकडे सासूबाई अशी आमची बसण्याची व्यवस्था होती. निघण्यापूर्वी घरात थोडी बोलाचाली झाली होती, कारण सासूबाईंचे म्हणणे होते, "दे तिले मना मांडीवर, कसाले बांधी ठेवस?" चार मुले मांडीवर घेऊन एसटीने आयुष्यभर प्रवास केलेल्या बाईला ही सीट पटणे सोपे नव्हते. कितीही घट्ट धरले तरी अचानक ब्रेक लागल्यावर मूल हातात राहत नाही, हे मी त्यांना परोपरीने समजावले. २०२२ साली ४ सप्टेंबरला पालघरजवळ झालेल्या ज्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, त्यात मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, हेही सांगितले. शेवटी त्या तयार झाल्या आणि त्यांनी स्वतःचा पट्टासुद्धा लावून घेतला.

पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना महामार्गावर एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह आडवा आला आणि पतींना जोरात ब्रेक मारावा लागला. धडक झाली नाही. मात्र बाळाची सीट पूर्ण एक वीत पुढे झुकली आणि मुलीचे डोके समोरच्या सीटच्या पाठीला लागता लागता वाचले. मी दोन्ही हातांनी ती सीट मागे ढकलून धरली तेव्हा खालून पट्टा अक्षरशः लोंबत होता. त्यानंतर सावद्यापर्यंत आमची मुलगी सासूबाईंच्या मांडीवर होती आणि मला बोलायला तोंड उरले नव्हते. आपल्या हिशेबात या गोष्टीची किंमत शून्य असेल, माझ्या घरात ती फार आहे.

सावद्याला पोहोचल्यावर माझ्या भावाने, ज्याचे स्वतःचे गॅरेज आहे, मागचे कव्हर दोन्ही बाजूंनी सोडवले. तेव्हा जे दिसले ते सोबतच्या फोटोंमध्ये आहे. आपल्या जाहिरातीत ज्याचा मोठ्या अक्षरांत उल्लेख आहे ते आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवण्यासाठी सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत असलेले, दोन्ही लोखंडी आकडे फोमच्या जाड थराखाली पूर्ण गाडले गेले होते. पाठीमागे बाळाच्या सीटचा वरचा पट्टा अडकवण्याची जागाही कव्हरच्या शिवणीखाली गेली होती. डाव्या बाजूच्या बेल्टचे बक्कल कव्हरला ब्लेडने चीर देऊन बाहेर ओढले होते आणि ती चीर इतकी अरुंद होती की बक्कल तिरपे उभे राहत होते. आकडे सापडत नाहीत म्हणून फिटरने बाळाची सीट गाडीच्या नेहमीच्या बेल्टने बांधली, पण पट्टा सीटवर दाखवलेल्या खाचांतून न नेता हाताच्या दांड्यावरून नेला. हा बेल्ट एरवी सैल सरकत राहतो आणि जोराचा हिसका बसला की अडकतो. त्यामुळे त्यात आधीच राहिलेली ढील तशीच राहिली आणि सीट झुकली. नीट बसवलेली सीट बेल्टच्या जागी धरून हलवली तर एखाद्या इंचापलीकडे सरकू नये, हे मला आता माहीत आहे. सीट ताब्यात देताना ती एकदा हलवून दाखवण्याचे कष्ट शोरूममध्ये कोणीही घेतले नाहीत.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. आमच्या मुलीचे वजन ७.८ किलो असताना सीट पुढे तोंड करून बसवण्यात आली. त्याच सीटच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर स्पष्ट लिहिले आहे की १३ किलोपर्यंत ती मागे तोंड करून वापरता येते आणि पुढे तोंड करून बसवायची तर वजन किमान ९ किलो हवे. मागे तोंड करायचे असेल तर पट्टा निळ्या खुणांवरून आणि पुढे करायचे असेल तर लाल खुणांवरून न्यायचा, हेही तिथेच दाखवले आहे. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, म्हणून समोरून हिसका बसला तर तो पाठीने झेलला जावा यासाठी मागे तोंड करायचे असते. मी हे विचारले तेव्हा आपल्या फिटरने मला सांगितले, "मॅडम, बाळाला रस्ता दिसू द्या, रडणार नाही." त्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक मी मान्य करते. सीटसोबतची पुस्तिका फक्त इंग्रजीत होती आणि ती मी तेव्हा उघडलीही नव्हती. पण बसवणाऱ्याने ती वाचलेली असावी, एवढी अपेक्षा ग्राहकाने ठेवणे गैर नाही.

पुढच्या दोन्ही सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची छोटी चिठ्ठी शिवलेली आहे. त्यावरूनही सलग रेक्झिन घट्ट ओढून बसवले आहे, तेव्हा ती एअरबॅग गरजेच्या वेळी कशी उघडणार? अशा सीटवर कव्हर घालू नये, असा इशारा आपल्याच पुस्तिकेत आहे. आणि 'फ्री गिफ्ट' म्हणून दिलेल्या पिशवीत अत्तराच्या बाटलीसोबत बेल्ट न लावताच त्याच्या इशाऱ्याचा आवाज बंद करण्याची धातूची क्लिपही होती. याच क्लिपांची विक्री केल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश दिले होते. ती वस्तू आपल्या शोरूमच्या पिशवीतून निघावी, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

काळ्या रेक्झिनबद्दल आणखी एक सांगते. वैशाखात आमच्याकडे बंद गाडी तासभर उन्हात राहिली की बक्कलाचे लोखंड तव्यासारखे तापते. मुलीच्या मांडीवर त्याचा लाल डाग दोन दिवस होता. त्यानंतर आम्ही बक्कलावर ओले फडके टाकू लागलो आणि हात लावून पाहिल्याशिवाय मुलीला बसवत नव्हतो. खान्देशात गाड्या विकणाऱ्याने हे ग्राहकाला आपणहून सांगायला हवे होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बाळाची सीट न लावता नेले तर १००० रुपये दंड आहे. तो चालकाकडून घेतला जातो. आम्ही सीट विकत घेतली, लावली, आणि तरीही आमचे मूल सुरक्षित नव्हते. हा दोष चालकाचा नाही.

यास्तव माझ्या मागण्या अशा आहेत. आपल्या तंत्रज्ञाने अमळनेरला येऊन सर्व कव्हर काढावीत आणि आयसोफिक्सचे आकडे, सर्व बक्कले व पट्टे तपासून तसे लेखी द्यावे. सध्या मुलीला गाडीतून नेणे आम्ही बंद केले असल्याने गाडी जळगावला आणण्यास आम्हाला सांगू नये. कव्हरचे ८,४०० रुपये परत मिळावेत. बाळाची सीट मागे तोंड करून, माझ्या व सासूबाईंच्या समोर, प्रत्येक पायरी मराठीत समजावून बसवून द्यावी. सासूबाईंची उपस्थिती मी मुद्दाम लिहिली आहे. याच शोरूममधून याच पॅकेजची कव्हर घेतलेल्या इतर ग्राहकांनाही विक्रेत्याने फोन करून कळवावे, आणि कळवल्याची माहिती मला द्यावी.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे. बिलांच्या प्रती, फोटो आणि ती क्लिप सोबत जोडली आहे. क्लिप परत पाठवू नये.

आपली ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव